महार रेजिमेंट आणि तिचे प्रशिक्षण केंद्र : नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या बुद्धविहारांत वर्षावासाची प्रवचने होतात, जयंतीला व्याख्याने होतात, १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभास अभिवादन करण्यासाठी गाड्या निघतात. अशा वेळी महार रेजिमेंटचा उल्लेख हमखास येतो. तो ऐकून मुलांच्या मनात प्रश्न उभे राहतात. ही रेजिमेंट कोठे आहे? बेळगावला दिसते ती छावणी आपलीच का? बाबासाहेबांनी ती काढली म्हणजे नेमके काय केले? बौद्धाने हाती शस्त्र घ्यावे काय? या प्रश्नांना पुष्कळदा अर्धीमुर्धी उत्तरे मिळतात आणि तीच पुढे चालू राहतात. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने प्रश्नोत्तराच्या रूपाने हा पाठ मांडला आहे. विद्यार्थ्यांनी तो वाचावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा.

प्रश्न १ : महार रेजिमेंट केव्हा आणि कोठे उभी राहिली?

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे. दुसरे महायुद्ध चालू होते आणि सरकारला सैनिकांची गरज होती. लेफ्टनंट कर्नल जॉन्सन यांच्या हाताखाली पहिली पलटण बेळगावच्या छावणीत उभी राहिली. दुसरी पलटण नागपूरजवळ कामठी येथे उभी राहिली. त्या वेळी बेळगाव मुंबई प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. आंबोलीचा घाट चढून बेळगावला बाजारहाटासाठी किंवा दवाखान्यासाठी जाणाऱ्या आपल्या माणसांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, ज्या रेजिमेंटचा आपण अभिमान बाळगतो तिचा जन्म याच गावात झाला?

मात्र येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. बेळगावला आज जे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे ते मराठा लाइट इन्फंट्रीचे आहे. ती स्वतंत्र आणि फार जुनी रेजिमेंट असून तिची परंपरा १७६८ पासूनची सांगतात. महार रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

प्रश्न २ : १९४१ पूर्वी आपले लोक सैन्यात नव्हते काय?

होते, आणि मोठ्या संख्येने होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात एका काळी सुमारे सहावा हिस्सा महार सैनिकांचा होता. त्यांतील पुष्कळ जण कोकणातील. रत्नागिरी जिल्ह्याचे तेव्हा दोन भाग झालेले नव्हते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. म्हणून जुन्या कागदांत 'रत्नागिरी' असे दिसले तर त्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले हा आपला मुलूखही आला असे समजावे.

१ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत मरण पावलेल्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत शेवटी 'नाक' असलेली २२ नावे आहेत. 'नाक' हा त्या काळी महारांच्या नावाला लागणारा प्रत्यय होता. त्यावरून ही माणसे आपली हे ओळखता येते. गावच्या दप्तरात ज्यांना वेसकरापलीकडे ओळख नव्हती, त्यांची नावे दगडावर लिहिली गेली, ही साधी गोष्ट नव्हे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि तेव्हापासून त्या जागेकडे समाज वेगळ्या दृष्टीने पाहू लागला.

प्रश्न ३ : मग मध्येच भरती बंद का झाली?

१८९२ च्या सुमारास सरकारने सैन्याची फेररचना केली. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती व जमाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या नाहीत, असा एक समज त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांत बळावला होता. उत्तरेकडील लोकांना प्राधान्य मिळाले. पलटणी जातवार करण्यात आल्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना त्यांत जागा उरली नाही. पाऊणशे वर्षे ज्यांनी सेवा केली ते एका हुकमाने 'लढवय्ये नसलेले' ठरले. रणांगणावर त्यांचा काही पराभव झाला नव्हता. पराभव झाला तो कागदावर. विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढे जे परत मिळाले तेही कागदावर लढूनच मिळाले.

प्रश्न ४ : भरती बंद झाली म्हणजे समाजाचे नेमके काय गेले?

पहिली गेली ती शाळा. कंपनीच्या लष्करात सैनिकांच्या मुलांसाठी पलटणीतच शाळा असे. जेथे गावच्या शाळेची पायरी चढता येत नव्हती, तेथे छावणीत मात्र महाराचा मुलगा पाटी घेऊन बसत असे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच वातावरणात शिकले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. पण बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला तो वडिलांच्या नोकरीमुळे. आजही महूला पायदळाच्या प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. जन्मभूमीच्या दर्शनास जाणारे उपासक-उपासिका 'एवढे लष्कर येथे कसे?' असे विचारतात, त्याचे उत्तर असे की ती छावणी १८१८ पासूनची आहे.

दुसरी गेली ती पेन्शन. निवृत्त सैनिकाच्या घरी दरमहा रोख पैसा येई. बलुत्याच्या भाकरीवर जगणाऱ्या समाजात रोख पैसा म्हणजे खोताच्या दारात हात न पसरण्याची सोय होती.

तिसरी गेली ती छावणीबाहेर वागण्याची हिंमत. याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकणातीलच आहे. दापोलीच्या कॅम्पात निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. १८९२ साली या पेन्शनरांनी सरकारकडे अर्ज केला की, आमच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या. मुले शाळेत गेली, परंतु त्यांना वर्गाबाहेर ओटीवर बसविण्यात आले. ज्या माणसाने लष्करात हुद्दा मिळविला त्याचा मुलगा ओटीवर! पण हेही पाहा की, अर्ज करण्याचे धाडस कोणी केले? ज्यांना अर्ज लिहिता येत होता आणि ज्यांची भाकरी गावाच्या हातात नव्हती त्यांनी. भरती बंद झाल्यावर असा अर्ज लिहिणारी पुढची पिढी कोठून येणार होती?

प्रश्न ५ : हे बंद दार पुन्हा कोणी उघडले?

'बाबासाहेबांनी' असे एका शब्दात उत्तर देतात. ते खरेच आहे. परंतु त्याआधीची पन्नास वर्षे विसरता कामा नयेत.

महाडजवळील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनी वर्तमानपत्रांत लिहिले, अस्पृश्यतेविरुद्ध १८८८ साली पुस्तिका काढली आणि सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जाचा मसुदा तयार केला. त्यांच्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले. १९१० साली दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेतील भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज गेला. सैन्यात आणि पोलिसांत आमच्या माणसांना घ्या, एवढीच त्यातील साधी मागणी होती.

पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ साली '१११ महार' नावाची पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२० साली ती ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळण्यात आली. १९२१ साली तीही मोडली. म्हणजे गरज सरो, वैद्य मरो!

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. १९१७ चा अनुभव त्यांच्यासमोर होता. म्हणून त्यांनी नुसती भरती मागितली नाही. महारांची स्वतंत्र रेजिमेंट मागितली. सुटे सैनिक केव्हाही कमी करता येतात. रेजिमेंटला मात्र नाव असते, निशाण असते, दप्तर असते, आणि ती मोडायची तर सरकारला कारण द्यावे लागते. मंडळावर नेमणूक झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत बेळगावला पहिली पलटण उभी राहिली. त्याच वेळी बाबासाहेबांनी तरुणांना सैन्यात दाखल होण्याचे आवाहन केले. याच युद्धकाळात, १९४३ साली, उत्तरेत चमार रेजिमेंट उभी राहिली. ती १९४६ साली मोडण्यात आली. महार रेजिमेंट मात्र टिकली. हा फरक पाहिला म्हणजे रेजिमेंट टिकणे किती मोलाचे होते ते समजते.

प्रश्न ६ : केंद्र सागरला कसे गेले? तेथे काय शिकवितात?

ऑक्टोबर १९४६ मध्ये या रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले आणि तिचे केंद्र कामठीस स्थापन झाले. त्या काळची व्हिकर्स मशीनगन म्हणजे एकट्याने खांद्यावर टाकून पळण्याचे हत्यार नव्हे. ती तिकाटण्यावर बसवावी लागे, नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती पाणी भरावे लागे, २५० गोळ्यांचा पट्टा सरकवावा लागे. लांबच्या लक्ष्यावर मारा करायचा तर अंतराचा हिशेब यावा लागे. एकाने चूक केली की सगळी तोफ गप्प. हे काम शिस्तीचे आणि डोक्याचे होते.

१९४७ च्या फाळणीत रेजिमेंटच्या तिन्ही पलटणी पंजाबात निर्वासितांच्या संरक्षणासाठी होत्या. माणूस माणसाला कापीत असताना हजारो अनोळखी स्त्री-पुरुषांना सुखरूप सीमेपलीकडे पोहोचविणे, हे काम कोणत्याही लढाईहून कमी नव्हते. स्वातंत्र्यानंतर केंद्र सागर येथे गेले व ते आजतागायत तेथेच आहे. कामठीच्या छावणीत आता ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. नागपूरला दीक्षाभूमीच्या दर्शनास जाणारे पुष्कळ जण कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार पाहून येतात. जवळच आपल्या रेजिमेंटचे पहिले केंद्र होते हे त्यांनी मुलांना सांगावे.

प्रशिक्षण केंद्राचे काम म्हणजे गावातून आलेल्या मुलाला सैनिक बनविणे. पहाटेची धाव, कवायत, नेमबाजी, शस्त्राची निगा, नकाशा वाचणे, प्रथमोपचार आणि सर्वांत अवघड म्हणजे दहा भाषांच्या मुलांबरोबर एका बरॅकीत राहणे. शेवटी कसम परेड होते. तेथे जो शपथ घेतो तो देशाच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो. ते संविधान कोणाच्या हातून लिहिले गेले हे आपणास सांगावयास नको.

प्रश्न ७ : रेजिमेंटच्या चिन्हावर पूर्वी कोरेगावचा स्तंभ होता, तो का गेला?

सुरुवातीच्या चिन्हावर तो स्तंभ आणि 'महार' हा शब्द होता. पुढे तिकाटण्यावरील दोन मशीनगन एकमेकींवर तिरप्या आणि स्तंभाच्या जागी खंजीर, असे चिन्ह आले. ब्रीद आहे 'यश सिद्धी'. रणघोष आहे 'बोलो हिंदुस्तान की जय'. स्तंभ गेल्याचे काहींना वाईट वाटते. ते स्वाभाविक आहे. परंतु कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने उभारलेला होता. स्वतंत्र देशाच्या सैन्याने त्याऐवजी दुसरे चिन्ह घेतले यात अपमान मानण्याचे कारण नाही. दगडावरची २२ नावे जेथल्या तेथे आहेत. ती वाचणे आपल्या हातात आहे.

प्रश्न ८ : ही रेजिमेंट फक्त महारांसाठी आहे काय?

नाही. १९५६ साली पंजाबच्या सीमेवरील बॉर्डर स्काउट्सच्या तीन पलटणी तिच्यात सामील झाल्या आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांचे व समाजांचे सैनिक तिच्यात आले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पहिल्या पलटणीचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीरचक्र मिळाले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले तामीळ. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी लढताना त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. जनरल के. व्ही. कृष्णराव (१९८१-८३) आणि जनरल के. सुंदरजी (१९८६-८८) हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. ज्या जातीच्या हाताचे पाणी चालत नव्हते, तिचे नाव छातीवर लावून निरनिराळ्या जातींचे आणि प्रांतांचे लोक लढले. आंतरजातीय सहभोजनाचे कार्यक्रम पुष्कळ झाले, पण याहून मोठे सहभोजन कोणते?

प्रश्न ९ : अहिंसा मानणाऱ्या बौद्धाने सैन्यात जावे काय?

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे, म्हणून हा प्रश्न प्रामाणिक आहे. तो टाळू नये. वैशालीचा सेनापती सिंह तथागतांचा उपासक झाला. उपासक झाल्यावरही तो सेनापतीच राहिला. दुसरीकडे, मगधाचे सैनिक लढाई टाळण्यासाठी भिक्षू होऊ लागले, तेव्हा राजा बिंबिसाराच्या विनंतीवरून, राजसेवेतील सैनिकास प्रव्रज्या देऊ नये असा नियम भगवंतांनी केला. म्हणजे सैनिकाचे कर्तव्य त्यांनी झिडकारले नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांचे सांगणे आहे. ज्याच्या मनात द्वेष नाही आणि जो निरपराधाच्या रक्षणासाठी उभा आहे, त्याने शील कसे सांभाळावे याचा विचार त्याने रोज करावा. तो विचार सुटला तर मात्र नुसता गणवेश उरतो.

प्रश्न १० : आमच्या मुलाला या रेजिमेंटमध्ये कसे जाता येईल?

प्रथम हे समजून घ्यावे की, सैन्यभरतीत जातीचे आरक्षण नाही. जातीचा दाखला दाखविला की महार रेजिमेंटमध्ये थेट प्रवेश, असे जे काही ठिकाणी सांगतात ते खोटे आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात ४ वर्षांची सेवा असून, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. इतरांना एकरकमी सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. सर्व रेजिमेंटांत सर्व वर्गांतून भरती करण्याचे धोरणही त्याच वेळी सांगण्यात आले. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदानी चाचणी असा क्रम आहे. आपल्या जिल्ह्याची भरती कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयामार्फत होते. वयाची व शिक्षणाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी.

लेखी परीक्षा आधी आली, याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. किनाऱ्यावरची आपली मुले धावण्यात व पोहण्यात कोणाला हार जाणार नाहीत. अडते ते गणिताशी आणि सामान्य ज्ञानाशी. भरतीसाठी कोणी पैसे मागितले तर त्याला एक पैसा देऊ नये. तेच पैसे पुस्तकांवर खर्च करावेत. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग चालविणे एवढे तरी मंडळांना शक्य आहे. आणि ४ वर्षांनंतर काय, याचा विचार मुलाने भरतीच्या आधीच करावा. शिक्षण अर्धवट सोडून जाऊ नये.

जाता जाता निवृत्त सैनिकांच्या घरच्यांसाठी दोन शब्द. मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे हे रोज दिसते. पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नी येते तेव्हा डिस्चार्ज बुक सापडत नाही, पेन्शनच्या आदेशात नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. माहेरचे नाव, सासरचे नाव, धर्मांतरानंतर बदललेले नाव, यांत वर्ष-दोन वर्षे कुटुंब निवृत्तिवेतन अडते. सैनिक हयात असतानाच पत्नीचे नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी करून घ्यावी. दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. अडचण आल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. आजोबांचे जुने कागद, पदके, छायाचित्रे रद्दीत घालू नयेत. तो एका घराचा इतिहास आहे.

या साऱ्या प्रश्नोत्तरांतून एकच गोष्ट मनावर ठसावी. आपल्या पूर्वजांचे शौर्य १८१८ सालीही होते आणि १८९२ सालीही होते. तरीही दार बंद झाले, कारण निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाजवळ आपला माणूस नव्हता. ते उघडले ते अर्ज लिहिणाऱ्या गोपाळबाबांनी, पाठपुरावा करणाऱ्या शिवराम जानबांनी आणि त्या टेबलाशी जाऊन बसलेल्या बाबासाहेबांनी. कोरेगावच्या स्तंभापुढे मान लवविताना तलवार धरणाऱ्या हाताबरोबर लेखणी धरणाऱ्या हातालाही वंदन करावे. दरवर्षी १ ऑक्टोबर हा रेजिमेंटचा स्थापना दिवस येतो. त्या दिवशी प्रत्येक विहारात आपल्या गावातील निवृत्त सैनिकास सन्मानाने बोलवावे, त्याची हकिगत मुलांनी वहीत लिहून घ्यावी आणि ती वही विहारात जपून ठेवावी.

जयभीम! नमो बुद्धाय!